ऐकू आलं की हात वर

वीज गेली तेव्हा तो मुलीला विचारत होता की आज शाळेत कोणाशी वाजलं. थंडीचे दिवस, साडेसहालाच अंधारून आलेलं, आणि तो तिला पाळणाघरातून घेऊन नुकताच घरी पोचला होता. कोणाशी तरी वाजलंय हे तिच्या बूट भिरकावण्यावरूनच कळत होतं. ती त्याच्यासमोर हातभर अंतरावर जमिनीवर बसून मोजे काढत होती. ‘ती म्हणाली की माझी पेन्सिल...’ एवढं बोलून झालं आणि खोली काळी झाली. रस्त्यावरचे दिवेही गेले, समोरच्या इमारतीतल्या खिडक्याही. ‘हं, पेन्सिल. पुढे?’ त्याने विचारलं. उत्तर नाही. ‘घाबरलीस का गं? मी आहे इथंच.’ काही नाही. ‘भिंगरी!’ मोज्याचं इलॅस्टिक ती ओढत होती आणि सोडत होती, त्याचा फट् फट् आवाज येत होता. म्हणजे ती जागच्या जागी होती, घाबरलेली नव्हती, रडत नव्हती. फक्त बोलत नव्हती. त्याने आणखी दोन-तीनदा काहीबाही विचारलं, शेवटी ‘बरं, रुसा’ म्हणून तोही गप्प बसला. चार-पाच मिनिटांनी दिवे आले तेव्हा ती थेट त्याच्या तोंडाकडे बघत होती, जणू मधली मिनिटं कोणी कापून टाकली होती, आणि लगेच म्हणाली, ‘...माझी पेन्सिल तिची आहे. खोटारडी!’ ‘अगं, मी केव्हाचा बोलतोय तुझ्याशी. उत्तर का देत नव्हतीस?’ तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती पाळणाघरातल्या अगदी लहान, अजून चमचा उलटा धरणाऱ्या मुलांकडे पाहायची. ‘अंधार होता ना,’ ती म्हणाली आणि दुसरा मोजा काढायला लागली.

तो हसला. हसण्यासारखंच होतं ते. पण दूध तापवायला उठला आणि गॅसजवळ उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण दूध पातेल्यात ओतलंय आणि गॅस पेटवलेलाच नाही. गेली अकरा वर्षं तो शाळाशाळांतून मुलांचे कान तपासत हिंडत होता. आरोग्य खात्याची एक जुनी गाडी, एक चालक, सुटकेसएवढं एक यंत्र, त्याला जोडलेला हेडफोन. शाळा जी मिळेल ती खोली देत. कधी ग्रंथालयाचा कोपरा, कधी खेळाच्या सामानाची कोठी, जिथे फुटबॉलांचा आणि ओल्या दोरांचा वास यायचा. एकेक मूल आत यायचं, खुर्चीवर बसायचं, तो त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा आणि रोज शंभरदा म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हणायचा, ‘ऐकू आलं की हात वर. कितीही बारीक असो. आलं की वर.’ मग बटण दाबायचं, यंत्रातून बारीक टूं निघायचा, हात वर व्हायचा. उजवा कान, डावा कान, जाडा आवाज, बारीक आवाज. सगळे हात झाले की चिठ्ठीवर ‘पास’, सही, पुढचा. त्याला या कामातली एक गोष्ट मनापासून आवडायची. मुलं थापा मारतात. गणिताचा तास बुडावा म्हणून ऐकू येत असूनही हात वर न करणारी, काही न वाजताच सटासट हात वर करणारी, मित्राला ऐकू येत नाही म्हणून आपल्यालाही येत नाही म्हणणारी. ही सोंगं तो चेहऱ्यावरून ओळखायचा. आवाज आला की पापणी किंचित हलते, हात दाबून ठेवला तरी ती हलते. खात्यात त्याची ख्याती होती, याच्यासमोर सोंग टिकत नाही. आणि आता ही, त्याच्याच घरातली, अंधाराची सबब सांगत होती.

म्हणून पहिला संशय तिचाच आला. सोंग करतेय. मुलं वडलांच्या धंद्याशी खेळतात, शिंप्याची पोरं कात्रीशी खेळतात तशी. तिला ठाऊक होतं बाबा काय करतो ते. जेवताना त्याने मुद्दाम तिच्या मागून म्हटलं, ‘भिंगरी, पाणी हवंय का?’ ती ताटातले वाटाणे एका ओळीत लावत राहिली. मग त्याची सावली टेबलावर पडली तशी वळली आणि म्हणाली, ‘काय?’ पुढचे चार-पाच दिवस तो घरात चोरासारखा वावरला. पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा हलवायचा, नाही. कपाटाचा खण धाडकन लावायचा, दचकून वळली. म्हणजे येतंय की! दाराची बारीक घंटी; नाही. बायकोने खालच्या मजल्यावरून मारलेली हाक, नाही. बादली घसरली, वळली. कधी आहे, कधी नाही, असा पुरावा त्याला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटायचा. सोंग करणारी मुलंच अशी अडखळतात. आणि तिचं बोलणं तर चुरूचुरू चालूच. ‘स’ म्हणताना जीभ घसरायची, पण समोरचे दोन दुधाचे दात पडलेले, हवा निसटणारच. भिंगरी हे नाव तिला तिच्या आजीने, म्हणजे त्याच्या आईने दिलं होतं, ती वर्षाचीही नव्हती तेव्हा. घरात चार माणसं बोलत बसली की ही जो बोलेल त्याच्याकडे गर्रकन तोंड फिरवायची, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. ‘काय लक्ष आहे पोरीचं!’ आई म्हणायची. ‘एक शब्द सोडत नाही.’ आईचं ते वाक्य त्याला आता आठवलं आणि ते त्याने डोक्यातून लगेच बाजूला सारलं. कारण एक गोष्ट पक्की होती. तिला त्याने स्वतः तपासलं होतं. पावणेदोन वर्षांपूर्वी, तिच्याच शाळेत. ती रांगेत आली, बाबाला बघून खुदकन हसली, शहाण्यासारखी समोर बसली आणि एकही हात चुकली नाही. सगळ्या वर्गात इतकी स्वच्छ चाचणी कोणाची झाली नव्हती. चिठ्ठीवर सही करताना त्याला अभिमान वाटला होता, हेही त्याला आठवत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दोघे टेबलाशी होते, बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. मुलगी चित्र रंगवत होती. तिने रंग बदलायला मान वर केली तेव्हा तो म्हणाला, ‘खिडकी लाव, वारा येतोय.’ म्हणाला म्हणजे त्याने फक्त ओठ हलवले. घशातून आवाज काढलाच नाही. हे त्याने ठरवून केलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. ती उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली आणि म्हणाली, ‘कडी नीट लागत नाही.’ त्याने पुन्हा, आवाजाशिवाय, फक्त ओठांनी विचारलं, ‘कोणाचं चित्र आहे?’ ‘घोड्याचं. दिसत नाही का?’ ती खणखणीत आवाजात म्हणाली. आतून बायको म्हणाली, ‘कोणाशी बोलतेस गं?’ आणि त्या प्रश्नाकडे मुलीचं लक्षही नव्हतं. शांत खोलीत बाप आणि मुलगी बोलत होते आणि आवाज एकाचाच येत होता. त्याला वाटलं, हे किती दिवस चाललंय? आणि आणखी कोणाशी?

तेव्हा संशय बायकोकडे वळला. त्याला वळायला जागाच तेवढी होती. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, जाड काचेआड. काचेतलं भोक खाली, लोक बोलणार वर, अर्धं ऐकू येत नाही, त्यामुळे ओठांवरून ओळखायची सवय तिला लागलेली. घरी येऊन ती आणि मुलगी तो खेळ खेळायच्या. आवाज न करता एक बोलणार, दुसरीने ओळखायचं. मुलगी नेहमी जिंकायची. त्याने कितीदा पाहिलं होतं हे, जेवणानंतर पेपर वाचता वाचता, आणि वाटलं होतं, बरं आहे, घर शांत राहतं. आता त्याला आठवायला लागलं की बायको मुलीला हाक मारतच नाही. ती जाते, खांद्याला हात लावते, मग बोलते. जेवायला बसल्यावर बोटाने टेबलावर दोनदा टकटक करते, मग बोलते. टीव्ही लावला की मुलीला पडद्याजवळ बसू देते, ‘डोळे खराब होतील’ असं एकदाही म्हणत नाही. हिला माहीत आहे. हिला पहिल्यापासून माहीत आहे, आणि हिने माझ्यापासून लपवलंय. मी, ज्याचं कामच हे, त्याच्यापासून. दुपारी मुलगी शेजारी खेळायला गेली तेव्हा त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज खात्यातल्या चौकशीसारखा लागला.

‘तुला कधी कळलं?’

तिने काय म्हणून विचारलं नाही. हातातल्या टॉवेलची तिने नीट घडी घातली. ‘ती चार वर्षांची होती तेव्हापासून मला वाटतंय. मी तुला म्हटलं होतं.’

‘कधी?’

‘दोनदा. एकदा तू दाढी करत होतास. म्हणालास, ती धांदरट आहे, लक्ष नसतं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ, तर म्हणालास, येत्या महिन्यात तिच्या शाळेत जातोच आहे, मीच बघतो. आणि बघितलंस.’ ती कपाटाकडे गेली, कागदपत्रांच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढून तिने त्याच्यापुढे ठेवली. ‘पास. ही तुझी सही. मला वाटलं, मीच वेडी. ज्या बाईला यातलं काही कळत नाही तिने तुझ्यावर शंका घ्यायची?’

‘पण तू तिच्या खांद्याला हात लावतेस. टेबल वाजवतेस.’

‘लावते. कारण तसं केलं की ती बघते. कारण का असेना, मला कुठे सिद्ध करायचं होतं काही? मला तिच्याशी बोलायचं होतं.’

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. सहीतली शेवटची रेघ लांबलचक, ऐटीत ओढलेली. त्याला एकाएकी आठवलं की शिकाऊ असताना त्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. मुलाची पाठ यंत्राकडे, निदान बाजू तरी. चाचणी घेणाऱ्याचा हात मुलाला दिसता कामा नये. पहिलं वर्षभर त्याने ते पाळलं. मग तो मुलांना समोर बसवू लागला, कारण पाठीकडून सोंग ओळखता येत नाही. पापणी बघायची तर चेहरा समोर हवा. दहा वर्षं तो मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होता, आणि ती मुलंही डोळे मिटून बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या शाळेने क्रीडासाहित्याची खोली दिली होती. मुलं यायला अर्धा तास होता. गाडीचा चालक, ज्याला सगळं खातं मामा म्हणायचं, यंत्र टेबलावर ठेवून चहाला निघाला होता. ‘मामा, जरा बसा इथे,’ तो म्हणाला. मामा हेडफोन घालून खुर्चीवर बसला, रुमालाने आधी हेडफोन पुसून. ‘माझा डावा कान जरा जाड आहे हां साहेब, आताच सांगून ठेवतो. नोकरी जाईल असं काही लिहू नका.’ त्याने यंत्राच्या मागून हेडफोनची तार हळूच उपसली आणि मुठीत धरली. आता मामाच्या कानांत काही म्हणता काही जात नव्हतं. ‘ऐकू आलं की हात वर,’ तो म्हणाला, आणि बटण दाबलं. मामाचा हात वर. थांबला, मुद्दाम जास्त थांबला, दाबलं. हात वर. हात यंत्राच्या उघड्या झाकणाआड ठेवून दाबून बघितलं. वर. त्याने वेळ बदलून पाहिली, मान दुसरीकडे वळवून पाहिली. बारापैकी बारा. शेवटी त्याने मुठीतली तार मामाला दाखवली. मामा तारेकडे बघून हसायला लागला, आणि मग साहेबाचा चेहरा बघून थांबला.

‘कसं कळलं तुम्हाला?’

‘आता काय सांगू. तुम्ही दाबताना श्वास धरता, साहेब. अगदी एवढासा. खांदा इथे असा थांबतो. आणि दाबून झालं की सोडता.’

‘तुमच्या कधी लक्षात आलं हे?’

‘मुलांना समोर बसवायला लागलात त्याच वर्षी आलं. दाराशी स्टुलावर बसून दिवसभर दुसरं काय करणार मी? मला वाटलं, ते मुद्दाम असेल. मुलांना धीर यावा म्हणून.’

मुलांना धीर यावा म्हणून. त्या दिवशी त्याने सत्तावीस मुलं तपासली, खुर्ची भिंतीकडे फिरवून, आणि प्रत्येक वेळी आपला श्वास कुठे आहे ते शोधत. त्याला श्वास घेणंच जड व्हायला लागलं. दोन मुलांचे हात बारीक आवाजाला वर झाले नाहीत. फक्त दोन, तो स्वतःला म्हणाला, आणि मग त्या दोनांना दहा वर्षांनी गुणू लागला, आणि अर्ध्यात सोडून दिलं. संध्याकाळी गाडीत मामाने रेडिओ लावला नाही. शहर नेहमीसारखंच होतं, सिग्नलला थांबलेल्या बसमधली तोंडं हलत होती, काचेमुळे आवाज येत नव्हता. ही सगळी माणसं शाळेत कधीतरी खुर्चीवर बसली असतील, असं त्याला वाटलं. कोणाकोणाच्या घरी माझी सही असेल.

मोठ्या रुग्णालयातली चाचणीची खोली आतून स्पंजाने मढवलेली होती. मुलगी आत बसली, त्याच्याकडे पाठ करून, आणि तो बायकोसोबत काचेबाहेर. तपासणाऱ्या तरुणीने, वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पहिला जाडा आवाज दिला, हात वर. मग बारीक. मग त्याहून बारीक. मुलीची वेणी हलली नाही. आवाज वाढवला तसा यंत्रावरचा आकडा मोठा होत गेला. ती मधूनच मान वळवून काचेकडे बघायचा प्रयत्न करू लागली; बाबाला नाही, तपासणारीच्या हाताला शोधत होती, आणि हात दिसत नाही म्हणून तिच्या मानेत जी घाई दिसली ती त्याने याआधी कधी पाहिली नव्हती, कारण याआधी त्याने तिला हात दिसू दिला होता. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डावीकडे, जाड्या आवाजांपाशी, रेघ बरी; उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, जिन्यावरून घसरल्यासारखी खाली. जाडे आवाज येतात, म्हणून हाकेतला काही भाग येतो, आदळआपट येते. बारीक नाही. स नाही, फ नाही, कुजबुज नाही. ‘ही कालपरवाची गोष्ट नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘बोलणं इतकं चांगलं कसं आलं याचंच नवल आहे. शाळेत तपासणी झाली नव्हती का?’ बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं नाही याचा त्याला राग आला आणि मग त्या रागाचा संशय आला. ‘झाली होती,’ तो म्हणाला. ‘मीच केली होती.’

खात्याच्या वरिष्ठांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. ते फार मऊ बोलत होते. घरच्या काळजीने माणूस हलतो, म्हणाले. रजा घ्या, म्हणाले. पुन्हा तपासणी करायची तर करा, पण तिला फेरतपासणी म्हणू नका, नवी मोहीम म्हणा, जुन्या चिठ्ठ्यांबद्दल कशाला बोलायचं? त्या मऊपणात आपल्याला वाचवण्याची इच्छा किती आणि त्यांची स्वतःची खुर्ची वाचवण्याची किती, हे तो बोलणाऱ्याच्या पापणीवरून ओळखू पाहत होता. मग जुनी फाइल काढताना काही पत्रं सापडली. चार होती, दोन वर्षांत आलेली. कर्णबधिर मुलांच्या पालकांची एक संघटना चालवणाऱ्या बाईंची. खात्यात त्यांना पत्रवाल्या बाई म्हणायचे. पत्राचं पान उलटायच्या आतच कोणीतरी त्यांची नक्कल करायचं, त्यांच्या आवाजाची, कारण त्या स्वतःही लहानपणापासून बहिऱ्या होत्या आणि त्यांचा आवाज सपाट, मध्येच उंच जाणारा होता. तोही हसला होता त्या नकलेला. चारही पत्रांत एकच मागणी. मुलांना पाठमोरं बसवा. सोबत दोन चिठ्ठ्यांच्या प्रती, दोन्हींवर ‘पास’, दोन्हींवर ती लांबलचक रेघ. आणि दुसऱ्या पत्राच्या समासात, अभिप्राय मागवला होता तिथे, त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. ‘संघटनेला मुलांची संख्या वाढवून दाखवायची असावी.’ हे आपण लिहिलं तेव्हा काय खात होतो, कोणता दिवस होता, काही म्हणता काही आठवेना. अक्षर मात्र टापटीप होतं.

संघटनेची जागा म्हणजे एका छापखान्यावरची दोन खोल्यांची जागा. खाली यंत्र चाललं की जमीन थरथरायची. पत्रवाल्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्याने बोलायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. ‘तुमच्या तोंडावर उजेड नाही. इकडे बसा. खिडकीकडे तोंड करून.’ तो उठला, बसला, आणि मान खाली घालून बोलू लागला. ‘मान वर,’ त्या म्हणाल्या. शरमेने बोलतानासुद्धा मान खाली घालण्याची सोय इथे नव्हती. त्याने खुर्चीची गोष्ट सांगितली, श्वासाची सांगितली, मामाची सांगितली. मुलीची सांगितली नाही. त्या त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या आणि तो संपल्यावर विचारलं, ‘केवढं आहे?’

‘कोण?’

‘तुमच्या घरात जे मूल आहे ते. मी दोन वर्षं पत्रं लिहितेय, तुम्ही आला नाहीत. आज आपणहून आलात. घरातच निघालं असणार.’

‘सात वर्षांची आहे. मुलगी.’

वाईट वाटलं म्हणाल्या नाहीत, होतं असं म्हणाल्या नाहीत. खालचं यंत्र थांबलं आणि जमीन शांत झाली. ‘मी त्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘त्यातली एक मुलगी दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसली. बाईंना वाटायचं मठ्ठ आहे. आई तिला मारायची. तुमचा कागद दाखवून मारायची, ऐकू येतंय तर ऐकत का नाहीस म्हणून. मला तुमचा राग आहे. तो राहील. पण रजिस्टर घेऊन या, शाळा ठरवू.’ तो उठला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मुलीला सांगितलंत?’

‘काय सांगू?’

‘खरं ते. की वर्गातलं सगळं तिने एकटीने डोळ्यांनी वेचलं. रोज. माझ्याइतकं कोणाला माहीत नाही त्यात किती दमायला होतं ते. यंत्र लावायचं ते तिच्यात काही कमी आहे म्हणून नाही, तिला थोडं बसता यावं म्हणून. आणि तिला अंधारात सोडून बोलू नका. वाक्यं तोडून फेकू नका. बाकी ती शिकवेल तुम्हाला.’

जिना उतरताना त्याला वाटलं, या बाईंनाही काहीतरी हवं असणार. पण काय ते शोधायला लागला आणि सापडलं नाही. चार पत्रांत लिहिलेलं तेवढंच होतं.

कानात घालायची यंत्रं आली, तांबड्या रंगाची, तिनेच निवडलेली. पहिल्या दिवशी ती घरभर संशयाने फिरली. नळ बंद कर, पेपर वाजवू नको, फ्रिज कशाला ओरडतोय. पिशवीतल्या प्लास्टिकचा चुरचुर आवाज ऐकून तिने पिशवीकडे असं पाहिलं की जणू आत कोणी लपलंय. मग यंत्रं काढून तिने बुटात लपवली. त्याने बुटातून शोधून काढली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि उजेडाकडे तोंड करून सगळं सांगितलं, चाचणी, श्वास, चिठ्ठी. ‘मला वाटलं, तू ते दाखवायला करतोस,’ ती म्हणाली. ‘तू असं करायचास, मग मी हात वर करायचा. सगळे तसंच करतात.’ तिने श्वास धरून दाखवला, हुबेहूब. मग जरा वेळाने म्हणाली, ‘म्हणजे हे सगळं आधीपासून असंच वाजत होतं?’ ‘हो.’ ‘आणि तुम्हां दोघांना माहीत होतं?’ बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ‘मग मला का नाही सांगितलंत?’ तिच्या नजरेत आता जे होतं ते त्याला ओळखीचं होतं. सोंग पकडणाऱ्याची नजर होती ती, आणि ती कितीतरी दिवस त्याच्यावरून हटणार नव्हती. दोन दिवसांनी तिने यंत्रं पुन्हा घातली, आपणहून, पण घालण्याआधी त्यालाच आधी कानाला लावून बघायला लावली.

पालकांना जाणाऱ्या पत्राचा मसुदा त्यानेच लिहिला. ‘मागील तपासणी माझ्याकडून चुकीच्या पद्धतीने झाली. चिठ्ठीवर पास असले तरी मुलाला पुन्हा पाठवावे.’ वरिष्ठांनी ‘माझ्याकडून’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून पत्र परत पाठवलं. त्याने रेघ खोडून तोच कागद पुढे पाठवला. आठवड्याने त्याच्याकडून खुलासा मागवणारं पत्र आलं, ते त्याने खिशात ठेवलं. खुलासा लिहायला त्याला काही अवघड नव्हतं. पत्रवाल्या बाईंनी पहिली शाळा ठरवून दिली, नदीपलीकडची, आणि सकाळी त्या स्वतः दाराशी येऊन उभ्या राहिल्या, खुर्ची कशी ठेवतो ते बघायला. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. भिंतीवर फक्त एक खिळा होता. त्यांनी मान हलवली आणि त्या दाराबाहेर गेल्या.

पहिली मुलगी आत आली, नऊएक वर्षांची, हातात गेल्या वर्षीची चिठ्ठी घट्ट धरून. तिने ती त्याला दाखवली. पास. तिने ती इतकी जपली होती की घडीवर चिकटपट्टी लावलेली होती. त्याने तिच्यासमोर बसून सांगितलं, सावकाश, आज भिंतीकडे बघायचं, गंमत नाही, परीक्षाही नाही. तिने समजल्यासारखी मान हलवली, हेडफोन घालून घेतला आणि पाठ करून बसली. तिच्या फ्रॉकचं मागचं एक बटण दुसऱ्याच काजात गेलेलं होतं. त्याने बटण दाबलं. जाडा आवाज. थांबला. आवाज वाढवला, दाबलं. थांबला. दुसरा कान. बारीक. आणखी बारीक, आणखी मोठा. खोलीबाहेर मुलांची रांग कुजबुजत होती, कोणीतरी खोकलं, मामाने कोणाला तरी गप्प केलं. त्याने शेवटपर्यंत सगळे आवाज दिले, एकही न गाळता, आणि वहीत प्रत्येकासमोर आडवी रेघ मारली. पाठ ताठ होती. हात मांडीवर, तयार.

मग ती भिंतीकडे बघतच म्हणाली, ‘काका, सुरू कधी करणार?’

तो उठला. टेबलाला वळसा घालून तो तिच्या आणि भिंतीच्या मध्ये गेला, जागा थोडीच होती, आणि तिच्या चेहऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला. बोलण्याआधी त्याने बघितलं की आपल्या तोंडावर उजेड आहे.